मी पुसून टाकलेलं भूस

अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये कुठल्याही पार्टीत नवीन माणूस भेटला की तो आधी कंपनी विचारतो आणि मग गाव. मी पहिल्या प्रश्नालाच घोळ घालते. सव्वीस वर्षं मी जुन्या सिनेमांवरची धूळ पुसली, असं सांगितलं की समोरचा हसतो, मी हसत नाही हे बघून थांबतो, आणि शेवटी म्हणतो, "म्हणजे आयटीच ना?" मी हो म्हणते. दोघांचाही वेळ वाचतो.

या अंकाच्या संपादकांनी मात्र नीट लिहा असं बजावलंय, म्हणून नीट सांगते. जुना सिनेमा म्हणजे प्लास्टिकची लांबलचक पट्टी. एका सेकंदाला चोवीस चित्रं. ही पट्टी पन्नास-साठ वर्षं या थिएटरातून त्या थिएटरात फिरते, तिच्यावर ओरखडे पडतात, धूळ बसते, कुणाचा तरी केस चिकटतो, मध्येच तुटते, मग कुणीतरी चिकटपट्टीने जोडतं. आमच्याकडे ती आली की आधी वास घ्यायचा. प्लास्टिक कुजायला लागलं की त्याला व्हिनेगरचा वास येतो. माझा नवरा अविनाश म्हणायचा की तू ऑफिसातून आलीस की घरात कुणीतरी लोणचं घातल्यासारखं वाटतं. तो स्वतः डेटा सेंटरमध्ये आहे. खिडक्या नसलेल्या त्या मोठ्या इमारतींत जगभरच्या फायली ठेवलेल्या असतात आणि त्या थंड ठेवणं हे त्याचं काम. त्याला कसलाच वास येत नाही.

वास घेऊन झाला की पट्टी धुवायची, स्कॅन करायची, आणि मग कॉम्प्युटरवर एकेक चित्र बघून त्यातली घाण काढायची. याचा नियम सोपा आहे. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यापुढे जे होतं ते राहणार. नंतर जे चिकटलं ते जाणार. म्हणजे हिरोच्या गालावरचा तीळ राहतो, पण डर्बनच्या थिएटरात बसलेला ठिपका जातो. हा नियम मी नवीन लोकांना पहिल्या दिवशी शिकवायचे. माझ्या तोंडून तो ऐकताना फार छान वाटायचा.

गिऱ्हाइकं बहुतेक सिनेमा कंपन्या असत, पण मधूनमधून घरगुती कामंही येत. आपल्यातलेच एक डॉक्टरकाका, रिटायर झालेले, स्वतःच्या लग्नाची आठ मिलिमीटरची फिल्म घेऊन आले होते. ओरखडे काढा, रंग नीट करा, आणि पंगतीत उजवीकडून तिसरा बसलाय त्याला काढा, असं त्यांनी सांगितलं. तो त्यांचा साडू होता. मी त्यांना समजावलं की आम्ही फक्त नंतर चिकटलेलं काढतो. काका शांतपणे म्हणाले, "तो नंतरच चिकटला." नियमात बसत नव्हतं म्हणून मी नकार दिला. साडू अजून जेवतोय. इतकी मी नियमाची पक्की होते, हे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवा.

पुढची हकिगत एका फ्रेंच सिनेमाची आहे. त्याचं नाव देत नाही. ज्या कंपनीकडे त्याचे हक्क आहेत तिच्या वकिलांनी मला विसरावं अशी माझी इच्छा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच काढलेला, खेड्यातला, काळापांढरा. एका शेतकरी बाईचा नवरा वारतो आणि तिचा दीर दरवर्षी थोडा थोडा बांध कोरत तिच्या शेतात शिरतो, एवढीच गोष्ट. महाराष्ट्रात ही कुणालाही दोन मिनिटांत कळेल. फ्रान्समध्ये त्यांना दोन तास लागले, पण फोटोग्राफी सुंदर आहे. त्या बाईच्या कामासाठी दिग्दर्शकाने नटी न घेता त्याच गावातली एक शेतकरीण घेतली होती. ती नवऱ्याला पुरताना रडत नाही, शेत जातं तेव्हा रडत नाही, दीर मरतो तेव्हाही रडत नाही. शेवटाकडे ती खळ्यावर उभी राहून गहू उफणते. आपल्या सुपापेक्षा मोठी, दोन हातांनी धरायची टोपली असते तिच्याकडे. चाळीस सेकंदांचं दृश्य. मग सिनेमा संपतो.

नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते तेव्हा हा सिनेमा माझ्याकडे आला. डीव्हीडी नवीन होत्या आणि प्रत्येक कंपनीला सगळं जुनं धुऊन हवं होतं. प्रिंट, म्हणजे ती पट्टी, फारच घाण होती, कुजायलाही लागली होती. आमच्याकडे तेव्हा एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते घाण शोधायचं आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल चौकोन काढायचं. आपण चौकोन बघायचे आणि मान्य असेल तर बटण दाबायचं, की ठिपका गायब. या धंद्यात माणूस सिनेमा बघत नाही. मोठ्या केलेल्या चित्राचा एक कोपरा बघतो, मग दुसरा. त्या सिनेमाबरोबर मी तीन आठवडे घालवले आणि त्यात बांधाचं भांडण आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

शेवटच्या भागात एका ठिकाणी पडदा लाल चौकोनांनी भरून गेला. इतकी घाण मी आयुष्यात पाहिली नव्हती. एकेक बघत बसले असते तर आठवडा गेला असता. मी सगळं निवडून मान्य केलं. पडदा लख्ख झाला. माझा बॉस डॅन, मिशीवाला, मितभाषी, कधी कुणाचं कौतुक न करणारा माणूस, माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला की काम व्यवस्थित झालंय. त्या महिन्यात माझ्या नावाचा केक आणला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

सिनेमा नव्याने लोकांपुढे गेला आणि गाजला. लेख आले. सगळ्यांनी एकाच गोष्टीबद्दल लिहिलं होतं. सबंध सिनेमाभर न रडणारी बाई शेवटी एकटी शेतात उभी राहते, रिकामी टोपली वाऱ्यात वर धरते आणि डोळा पुसते. अखेर ती रडते. डीव्हीडीच्या पाठीवरही हेच वाक्य छापलं होतं. मी ते वाचलं आणि मला बरं वाटलं.

काही वर्षांनी अमेरिकेत त्याच गोष्टीवर इंग्रजी सिनेमा निघाला. गाव कॅन्ससमधलं केलं होतं. तिथे कापणी-मळणी सगळी एका मशीनने होते, तेव्हा बाईने टोपली वर धरायचं काही कारणच नव्हतं. पण ते दृश्य इतकं नावाजलेलं होतं की त्यांनी ठेवलंच. ती मशीन बंद करून खाली उतरते, गाडीच्या मागून टोपली काढते, वाऱ्यात धरते आणि भरपूर रडते. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये त्याचं संगीत नाटक आलं. त्यात बारा बायका, बारा रिकाम्या टोपल्या. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं की युरोपातल्या खेड्यांत दुःख वाऱ्यावर सोडून देण्याची ही जुनी प्रथा आहे.

मी ते नाटक पाहिलं. मी बार्शीजवळच्या खेड्यातली. आमचं खळं होतं. आत्या ज्वारी उफणायची तेव्हा मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभी राहून मार खाल्लेला आहे. आणि तरी मी त्या थिएटरात बसून मनात म्हटलं, असते बाई एकेकाची प्रथा.

माझे डोळे उघडले ते नेपरव्हिल नावाच्या गावात. माझी नणंद तिथे राहते. तिकडच्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, बाहेर बर्फ, आत श्रीखंड. नागपूरच्या एका आयटीवाल्याने तो इंग्रजी सिनेमा विदर्भात नेऊन एकांकिका बसवली होती. लेखक, दिग्दर्शक आणि दीर तोच होता. शेवटी त्याची बायको पांढऱ्या साडीत पुढे आली. तिच्या हातात सूप होतं. कुणाच्या तरी रुखवतातलं, कडेने सोनेरी लेस लावलेलं. टेबलफॅन सुरू झाला, तिने सूप वर धरलं, हलवलं आणि पदराने डोळे पुसले. तीनशे मराठी माणसं, त्यातली निम्मी तरी शेतकऱ्यांची नातवंडं, गहिवरून बघत होती. त्यात मीही.

माझ्या शेजारी नणंदेच्या शेजारणीच्या आई बसल्या होत्या. शेवंतामावशी, परभणीकडच्या, सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेल्या. त्यांचा नेहमीचा आवाज हा शेतातला आवाज होता. त्या म्हणाल्या, "आगं, सुपात तर कायबी न्हाई. मग ही काय वारं उफणायलीय?"

लेकीने त्यांना गप्प केलं. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी मागे वळून पाहिलं. मावशींनी मात्र माझ्याकडे बघून, मला तरी कळेल असं वाटलं म्हणून की काय, समजावून सांगितलं की उफणताना भूस उडतं, डोळ्यात जातं, मग बाई डोळा पुसते, त्यात रडायचं काय.

मला तो लाल चौकोनांनी भरलेला पडदा दिसला. घाण नव्हती ती. भूस होतं. खाली पडत होता तो गहू होता. मी एका बटणात सगळं पीक नेलं होतं. दीर सुद्धा इतका पुढे गेला नव्हता.

घरी आल्यावर मी डीव्हीडी लावून ते दृश्य पंधरा-वीस वेळा पाहिलं. बाई टोपली उचलते, तिरकी करते, मान बाजूला वळवते, डोळा पुसते. आत काय आहे ते खालून दिसत नाही. हवेत काहीच नाही. आमची मुलगी रेवा, जी तेव्हा घरी आली होती, तिला मी सगळं सांगितलं. तिने स्वतःच्या फोनवर त्या सिनेमाबद्दलचे लेख उघडून वाचले आणि म्हणाली, "आई, सो धिस होल थिंग इज लिटरली यू." अविनाशने विचारलं की आता कुणाला काय फरक पडतो. त्याचा स्वभाव तसा आहे. फाइल थंड असली की त्याचं समाधान होतं.

सोमवारी मी जुन्या नोंदी काढल्या. आमच्याकडे प्रत्येक रिळाची नोंद असते, कुणी काय केलं याची. शेवटच्या रिळापुढे माझी आद्याक्षरं होती आणि लिहिलं होतं, धूळ फार जास्त, सगळी काढली. मी डॅनकडे गेले आणि सांगितलं की पंचवीस वर्षांपूर्वी मी गहू पुसला. डॅनने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, साफ करण्याआधीचा स्कॅन आहे का? नव्हता. तेव्हा जागा वाचवायला आम्ही ते पुसून टाकत असू. प्रिंट? ती कंपनीकडे परत गेली होती, कुजली आणि नष्ट केली. डॅन म्हणाला की मग सांगून उपयोग काय. त्याने हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. आमच्या धंद्यात पुरावा नसला की काही झालेलंच नसतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी हक्कवाल्या कंपनीने तोच सिनेमा, म्हणजे मी साफ केलेलीच फाइल, पुन्हा आमच्याकडे पाठवला. संगीत नाटकामुळे मागणी वाढली होती आणि आता नवी, जास्त स्पष्ट आवृत्ती काढायची होती. सोबत एक ईमेल गंमत म्हणून पुढे पाठवलेला होता. जर्सी सिटीत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचा. त्यांचं नाव ओडेट. सिनेमातल्या शेतकरणीची ती मुलगी. त्या गावातलं शूटिंग पाहिलेली बहुतेक शेवटची जिवंत व्यक्ती, म्हणून कंपनीला तिची मुलाखत हवी होती. तिने उत्तर दिलं होतं की शेवटच्या दृश्यात माझी आई रडत नाही, ते आधी दुरुस्त करा, मग बोलू. पुढे लिहिलं होतं, मी तिथे होते. सात वर्षांची होते. माझी नजर आता कमी होतेय, डॉक्टर म्हणतात वर्षभरात नीटसं दिसणार नाही, तेव्हा जरा लवकर करा.

कंपनीतल्या मुलाने वर लिहिलं होतं, बिचारी आजी, वय झालंय. शेवटी हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा मला फार लागला. ती आजी पूर्ण शुद्धीवर होती. जगात दोनच बायका बरोबर बोलत होत्या, एक परभणीची आणि एक जर्सी सिटीची, आणि दोघींनाही गप्प बसवलं होतं. मी डॅनला म्हटलं की हे मला दुरुस्त करायचंय. तो म्हणाला, कर, पण हाताने भूस रंगवून घालायचं नाही. कॅमेऱ्यापुढे जे होतं तेच पाहिजे. माझाच नियम त्याने मला ऐकवला.

म्हणजे दुसरी प्रिंट शोधणं आलं. पूर्वी फ्रेंच शिकवायला कॉलेजांतून असे सिनेमे सोळा मिलिमीटरच्या छोट्या पट्टीवर वाटले जात. मी दिसेल त्या कॉलेजच्या फ्रेंच विभागाला ईमेल केला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी विचारलं की फिल्म म्हणजे नक्की काय. एका ठिकाणी फ्रेंच विभागच बंद करून तिथे सायबर सिक्युरिटी आणली होती. अखेर आयोवातल्या एका छोट्या कॉलेजच्या सेक्रेटरीबाईंनी कळवलं की जिन्याखालच्या कपाटात नाताळच्या सजावटीमागे काही गोल डबे आहेत. त्यांनी तो डबा साध्या पोस्टाने पाठवला. मी झाकण काढून नाक आत घातलं. व्हिनेगर नव्हतं. मला रडू आलं.

प्रिंट वापरून वापरून जर्जर झाली होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांनी त्यावर क्रियापदं शिकली होती. पण उफणणीत भूस होतं. हवा भरून भूस होतं. आणि त्याच्यात मिसळलेली खरी धूळही होती, तितकीच. ती वेगळी करायची होती. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखीच, म्हणून सॉफ्टवेअर बंद केलं आणि हाताने बसले. हजाराच्या आसपास चित्रं.

वेगळं कसं करायचं, तर असं. धूळ एका चित्रात असते आणि पुढच्यात नसते. ती कुठून येत नाही, कुठे जात नाही. भूस मात्र येतं आणि जातं. या चित्रात इथे, पुढच्यात जरा पलीकडे, मग आणखी वर, वाऱ्याबरोबर वळतं. गहू सरळ खाली पडतो. प्रत्येक ठिपक्याच्या मागचं आणि पुढचं चित्र बघायचं आणि त्याला विचारायचं की तू होतास का. एका दिवसात दोन-अडीच सेकंद व्हायचे. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईकडे नीट पाहिलं. ती वाऱ्याची वाट बघते. वारा येईपर्यंत टोपली पोटाशी धरून उभी राहते, आली झुळूक की उचलते, पडली की थांबते. आत्याही अशीच थांबायची आणि तोवर आम्हाला शिव्या घालायची. हे सगळं मला येत होतं. जन्मापासून येत होतं. त्या सॉफ्टवेअरला येत नव्हतं आणि मी त्याचं ऐकलं, कारण मी नवी होते, देश नवा होता, आणि खळ्यावरचं ज्ञान इथे काही कामाचं असेल असं मला वाटलंच नाही. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात मला ते सापडलं. एक लांबट कुसळ. तीन चित्रं ते हवेत आहे, चेहऱ्याकडे येतंय. चौथ्या चित्रात बाईचा डावा डोळा मिटलेला आहे. मी डॅनला हाक मारली. त्याने चारही चित्रं पुढे-मागे करून पाहिली, मिशी चोळली आणि म्हणाला, "ती रडत नाहीये."

आम्ही ते दृश्य, पुरावा आणि चूक कुणाची हे सगळं लिहून कंपनीला पाठवलं. त्यांची मीटिंग झाली. त्यांनी आभार मानले. त्यांचं म्हणणं असं पडलं की लोकांनी त्या अश्रूवर पंचवीस वर्षं प्रेम केलंय, इंग्रजी सिनेमा आणि नाटक त्यावर उभं आहे, तेव्हा मुख्य आवृत्तीत दृश्य होतं तसंच राहील. आमचं दृश्य ते जादा साहित्यात घालतील. त्याला नाव दिलं, पर्यायी शेवट. म्हणजे जे प्रत्यक्षात घडलं ते आता पर्याय आहे आणि जे मी केलं ते मूळ आहे. मी दोन दिवस भांडले. फोनवर, ईमेलवर, शेवटी डॅनकडे. हरले. निवृत्तीला महिना उरला होता आणि निरोपाच्या दिवशी पुन्हा केक आला. तो मी खाल्ला नाही. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

डॅनने एक गोष्ट केली. ते दृश्य एका पेनड्राइव्हवर घालून माझ्या टेबलावर ठेवलं आणि कुलूप लावून घरी गेला. असं करायला आम्हाला परवानगी नाही.

ओडेटला मी आधी फोन केला आणि एका शनिवारी अविनाशबरोबर निघाले. त्याने सबंध रस्ता ड्राइव्ह केला आणि एकदाही विचारलं नाही की मी गप्प का आहे. जर्सी सिटीतल्या एका उंच इमारतीत सव्विसाव्या मजल्यावर ती तिच्या मुलीकडे, क्लेअरकडे राहत होती. क्लेअर मॅनहॅटनमध्ये बँकेत. दाराशीच तिने मला हळू आवाजात सांगितलं की आईची नजर गेल्या दोन महिन्यांत फार उतरलीय, टीव्हीला नाक लावून बसली तरच काही दिसतं, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

ओडेट लहानखुरी, ताठ बसलेली, केस नीट विंचरलेले. तिने आम्हाला कॉफी दिली आणि अविनाशला विचारलं की तो काय करतो. तो म्हणाला, फायली थंड ठेवतो. तिने ते समजल्यासारखी मान हलवली. मी येताना वाक्यं पाठ केली होती ती सगळी विसरले आणि सरळ म्हटलं, "तुमच्या आईला मी रडवलं. मी नवीन होते. मी भूस पुसलं. मला माफ करा."

ओडेटने कप खाली ठेवला. म्हणाली, "माझ्या वडिलांनी तीस वर्षं प्रयत्न केला. त्यांना जमलं नाही."

क्लेअर हसली, मग मी हसले. ओडेट हसली नाही. तिने सांगितलं की आई त्यानंतर चाळीस वर्षं जगली आणि तिला सिनेमातली बाई म्हणवून घ्यायला आवडायचं नाही. पण गावात कुणी रडलं की लोक आईकडे बोट दाखवून म्हणत, तिच्याकडे बघ. आता फ्रान्सहून भाचे-पुतणे फोन करतात आणि म्हणतात की शेवटी तीही रडलीच की. "मी मेले की हे कोण सांगणार की ती रडली नाही?" एवढं बोलून तिने टीव्हीकडे हात केला.

क्लेअरने तिची खुर्ची पडद्याच्या अगदी पुढे नेऊन ठेवली, वीतभर अंतरावर. मी पेनड्राइव्ह लावला. वारा, बाई, टोपली. भूस उडालं. ओडेटचा चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा दिसत होता आणि तिचे डोळे एका जागी स्थिर नव्हते, कडेने बघायचा प्रयत्न करत होते. कुसळ आलं, डोळा मिटला, मनगटाने पुसला. तिला दिसलं की नाही, मला कळेना.

त्यापुढे आणखी दीड सेकंद होता. जुनी प्रिंट तिथेच तुटून जोडलेली होती, त्यामुळे डीव्हीडीवर तो नव्हता. आयोवाच्या प्रिंटमध्ये मिळाला आणि मी तो साफ करून तसाच ठेवला होता. डोळा पुसून झाल्यावर ती बाई कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघते, काहीतरी बोलते आणि टोपलीवरचा एक हात सोडून झटकते. आवाज नाही. त्यावर नुसतं संगीत आहे. मला फ्रेंच येत नाही, म्हणून मी तिचे ओठ कधी वाचले नव्हते.

ओडेट म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी तिने पडद्याला जवळजवळ गाल लावला.

मी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"माझ्याशी बोलतेय," ओडेट म्हणाली. "मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते. ती म्हणतेय, तिथून मागे सरक, डोळ्यात जाईल."

अविनाश, ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी विचारलं की परत लावू का. ओडेट उठली. तिने स्वतः खुर्चीचे दोन्ही हात धरले, क्लेअर मदतीला गेली तर तिला नको म्हटलं, आणि ती खुर्ची ओढत ओढत तीन-चार पावलं मागे नेली. मग हात मांडीवर ठेवून नीट बसली. तिथून तिला पडद्यावरचं काहीही दिसणार नव्हतं. मी सुरुवातीपासून लावलं.